यंत्र चांगलं, पण साचा?

५ जानेवारी २०२३ पासून मोपा विमानतळावरून विमानं उडू लागली आणि आमच्या सासूबाईंना विरंगुळा मिळाला. अंगणात बसल्या बसल्या म्हणायच्या, ‘गेलं बघ विमान!’ पण शेजारी बसलेली नात दोनदा ‘चहा घेतेस?’ विचारायची, ते मात्र कळायचं नाही. लोक म्हणत, म्हातारीला हवं तेवढंच ऐकू येतं! तसं नव्हतं. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात घुमणारे, जाड आवाज पुष्कळदा टिकतात. स, श, च, त असे बारीक आवाज आधी हरवतात. आवाज येतो, शब्द कळत नाही.

मग कानामागे बसणारं यंत्र आणलं. त्याची नळी कानातल्या साच्याला जोडलेली. पंधरा दिवसांत ते पानाच्या डब्यात गेलं. का, तर स्वतःचाच आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो आणि जेवताना शिट्टी वाजते. ‘माका नाका गो!’ एवढंच म्हणाल्या. त्या वर्षी चवथीला बाहेर भजन रंगलं आणि सासूबाई आत भाजी चिरत बसल्या. जन्मात भजन न चुकवलेली बाई! मला गलबलून आलं.

दुसऱ्या एका श्रवणतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी यंत्राआधी साचाच हातात घेतला. कानाची सगळी वाटी भरणारा, मऊ सिलिकॉनचा, कुठेही छिद्र नसलेला. फारच कमी ऐकू येतं त्यांना असा घट्ट साचा लागतो, कारण मोठा केलेला आवाज फटीतून बाहेर येऊन यंत्राच्या माइकमध्ये परत शिरला की शिट्टी वाजते. पण सासूबाईंना जाड आवाज चांगले ऐकू येत होते. त्यांचा कान असा बुजवला की स्वतःचा आवाज आतच घुमणार. त्यांना हवं होतं साच्यात हवेचं छिद्र. तेही बेताचं, फार मोठं केलं की पुन्हा शिट्टी.

मग त्यांनी विचारलं, ‘माप देताना कवळी घातली होती का?’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कवळी घरीच राहिली होती! जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो, म्हणून माप घेताना कवळी तोंडात हवी. तीच आमची चूक जेवताना शिट्टी वाजवत होती.

तिसरी गोष्ट बोटांची. संधिवाताने वाकलेल्या बोटांनी मऊ साचा आत सरकवणं कठीण. तो कानाला चिकटतो, दुमडतो. गुळगुळीत, कडक ॲक्रिलिकचा सहज सरकतो. म्हणून त्यांच्यासाठी अर्धी वाटी भरणारा, छिद्र असलेला कडक साचा ठरला. आधी कानातला मळ तपासला, दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत ठेवून मगच मापाचा लगदा भरला.

प्रत्येकाला साचा लागतोच असं नाही. कमी दोष असेल तर रबरी टोपीवरही भागतं. लहान मुलांचं उलट. कान वाढतो, साचा वाढत नाही, म्हणून तो पुन:पुन्हा नवा करावा लागतो. त्यांना मऊच बरा, पडझडीत लागत नाही. कान वाहत असेल तर मात्र आधी कानाच्या डॉक्टरांकडेच जावं. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी तपासणीबरोबर साच्याचंही काम होतं.

घरी एवढं सांभाळा: साचा यंत्रापासून सोडवूनच कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, यंत्राला पाणी लावू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात नळीत पाण्याचे थेंब जमतात. फुंकणीने ते काढून, पूर्ण सुकवून मगच जोडा. नळी पिवळी, कडक झाली की बदलून घ्या.

पुढच्या चवथीला सासूबाई भजनात पुढे बसल्या. मध्येच एका पोराला म्हणाल्या, ‘झांज जरा हळू रे!’ सगळे हसले. मी नाही हसले, माझे डोळे भरून आले होते.

तुमच्याही घरी एखादं यंत्र डब्यात पडलं असेल. त्याला नावं ठेवण्याआधी त्याचा साचा एकदा दाखवून या. आणि हो, कवळी विसरू नका!