जिल्ह्याची सीमा उघडली. जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंद कोण ठेवणार?

२ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्रात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला लागणाऱ्या ई-पासची अट उठली. वाशिमहून अकोल्याच्या दवाखान्यात जायचे असो की हिंगोलीला लेकीकडे, नाक्यावर कागद दाखवण्याची गरज तेव्हा संपली. २३ मार्चला बंद झालेल्या सीमा पाच महिन्यांनी मोकळ्या झाल्या, याचा आम्हालाही आनंद आहे. मात्र गावोगाव काम करताना एक प्रश्न आम्हाला सतावतो. पोलीस, पास आणि नाके असताना जी ये-जा प्रशासनाच्या हाती लागली नाही, ती यापुढे कशी लागणार?

१ मे रोजी केंद्राने झोनची यादी जाहीर केली, तेव्हा राज्यात १४ जिल्हे रेड, १६ ऑरेंज आणि फक्त ६ ग्रीन होते. त्या सहांत आपले वाशिम होते. एका बाजूला अकोला आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ रेड. अमरावती, बुलडाणा, हिंगोली ऑरेंज. सगळीकडून वेढलेला जिल्हा वाचवायचा तर सीमा घट्ट धरा, असे तेव्हा सर्वांचेच मत होते. पण २९ एप्रिललाच केंद्राने अडकलेल्या मजुरांना घरी जाण्याची परवानगी दिली होती. म्हणजे ग्रीन झोन मिळाला आणि त्याच आठवड्यात दार किलकिले झाले. आपली माणसे पुण्या-मुंबईहून निघालीच होती.

पास कसा मिळत होता ते आठवा. ऑनलाइन अर्ज, फोटो, आधार, डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि गाडीचा नंबर. पायी निघालेल्याने गाडीचा नंबर कुठून आणायचा? ज्याच्याकडे गाडी आणि मोबाईल होता तो कागद घेऊन रस्त्याने आला. ज्याच्याकडे नव्हता तो आडवाटेने आला. जिल्ह्याची सीमा म्हणजे काही भिंत नाही. शेतांमधून पांदण रस्ते जातात, दोन्हीकडच्या गावांत सोयरीक असते, उन्हाळ्यात पैनगंगा काही ठिकाणी पायी ओलांडता येते. नाक्यावर उन्हात उभ्या असलेल्या होमगार्डला किंवा ड्युटी लागलेल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना यात दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना गाड्या तपासायला सांगितले होते, गाड्या त्यांनी तपासल्या. नाक्यावर गेलो तर परत पाठवतील एवढेच ज्याला माहीत, तो नाक्यावर जाईलच कशाला? तिथे पाणी, जेवण, तपासणी आणि गावापर्यंत गाडी मिळेल हे माहीत असते तर लोक स्वतःहून तिकडे वळले असते.

८ मेच्या पहाटे करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळच्या दिशेने, मध्य प्रदेशातल्या घरी जायला ते रुळांवरून निघाले होते. पाससाठी अर्ज केला होता, असे वाचलेल्यांनी सांगितले.

सरकारी सीमा ओलांडून आलेल्याला पुढे गावाची सीमा होती. काट्या टाकलेल्या, बैलगाडी आडवी लावलेली. हातावर शिक्का मारून चौदा दिवस घरात राहा म्हणायचे, तर आपल्या वस्त्यांतली घरे कशी आहेत? एका खोलीत सहा माणसे, संडास बाहेर, पाण्याचा नळ सामाईक. तिथे वेगळे राहायचे कुठे? काही गावांनी शाळा उघडून दिल्या, जेवणाचे डबे पोहोचवले, ते आम्ही पाहिले आहे. काही ठिकाणी मात्र पुण्याहून आलेले पोरगे शेतात झाडाखाली झोपले आणि वरच्या आळीत गाडीने आलेल्या पाहुण्यांना कुणी विचारलेही नाही. मोठ्या माणसाच्या दारात जाऊन नोंद मागायची हिंमत आशाताईने एकटीने कुठून आणायची?

याच काळात एक वेगळे उदाहरणही घडले. १७ एप्रिलला राज्य सरकारने ३८ साखर कारखान्यांवर अडकलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची मुभा दिली. त्यांची वैद्यकीय तपासणी आणि प्रवासाची जबाबदारी कारखान्यांवर टाकली. कुठले कामगार, कुठल्या गावचे, याच्या याद्या झाल्या. अडचणी तिथेही आल्या असतील. पण ज्याने कामाला नेले त्यालाच जबाबदार धरता येते, हे त्यातून दिसले. बांधकामावरच्या, हॉटेलातल्या, वीटभट्टीवरच्या मजुराच्या वाट्याला असा कुणी आला नाही.

त्यामागे कायद्याचेही कारण आहे. २०२० मध्ये स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता, पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी. मानोऱ्याच्या तांड्यावरचा किंवा मालेगावच्या बौद्धवाड्यातला माणूस पुण्याला गेला तर घरापासून कितीही दूर गेला तरी त्या कायद्याने तो स्थलांतरित नव्हता. म्हणून मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यातून किती माणसे बाहेर आहेत, याचा पक्का आकडा गावपातळीवर कुणाच्या वहीत नव्हता. नाक्यावरचा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

नंतरचा गोंधळ तर सर्वांसमोर आहे. २० ऑगस्टला एसटी जिल्ह्याबाहेर धावू लागली, तिला पास नको; खासगी गाडीला मात्र आणखी बारा दिवस पास हवा. २२ ऑगस्टला केंद्रीय गृहसचिवांनी ये-जा अडवू नका असे राज्यांना पत्र लिहिले, तेव्हा कुठे हे संपले.

सप्टेंबर २०२० मध्ये नाके उठले होते आणि रुग्ण वाढत होते. पुन्हा सीमा बंद करा, अशी मागणी आम्ही करणार नाही. तिची किंमत कोण मोजतो हे आम्ही पाहिले आहे. ग्रामपंचायतीत एक साधी वही असावी: कोण गेले, कुठल्या मुकादमाबरोबर, कुठल्या कामावर, बरोबर लेकरे किती, फोन कुणाचा. परत येणाऱ्यांसाठी शाळेची एक खोली, पाणी आणि संडास आधीच तयार ठेवावा, आणि ती खोली वरच्या आळीलाही लागू असावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, एका ग्रामसभेचा ठराव पुरतो. २०२० मध्ये ग्रामसभा भरवणे अवघड होते, पण ग्रामस्तरीय समिती होतीच.

२०२० मध्ये दसरा २५ ऑक्टोबरला होता. त्यानंतर कोयते बाहेर पडणार होते. मुकादमांच्या फेऱ्या वस्त्यांवर सुरू झाल्या होत्या, उचलीची बोलणी चालली होती. त्या पंधरा दिवसांत आम्ही ज्या गावांत गेलो, तिथे अशी वही आम्हाला दिसली नाही.