पहिली मोटार : निवड कोणाची, गरज कोणाची?

जबलपूरच्या जुन्या शहरात, बडा फुहारा आणि सराफा यांच्या गजबजाटात, कमानिया गेट उभे आहे. मार्च १९३९ मध्ये शहराजवळच त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्मरणार्थ ही कमान बांधण्यात आली. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आदल्याच वर्षी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली होती. देशात कोणते उद्योग काढावयाचे, कोणासाठी काढावयाचे, हे बाजारावर न सोडता विचारपूर्वक ठरवावे, ही त्यामागील भूमिका होती. आज या कमानीच्या परिसरातील वाहनांची गर्दी पाहिली, म्हणजे शहरात माणसांनी कसे जावे-यावे एवढी साधी गोष्टही कोणी विचारपूर्वक ठरविलेली नाही, याची खात्री पटते.

याच परिसरात राहणाऱ्या एका ज्येष्ठ मराठी स्नेह्यांनी मध्यंतरी मला एक प्रश्न घातला. ते जबलपूरच्या वाहन कारखान्यात कामगार आहेत. त्यांना नोकरी लागली तेव्हा जोंगाचे शेवटचे दिवस होते. पुढे त्यांचे हात लष्कराच्या स्टॅलियन ट्रकवर चालले. आता निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत. गुडघे कुरकुरतात, पावसाळ्यात स्कूटर नकोशी होते, वृद्ध आईला दवाखान्यात न्यावे लागते. ते म्हणाले, "आयुष्यभर सरकारसाठी गाड्या जोडल्या. आता एक घरासाठी घ्यायची आहे. कोणती घेऊ, सांग बाबा."

मोटार ही चैन आहे, कामगाराने तिच्या नादी लागू नये, असे उत्तर आपल्यापैकी काही साथी देतील. ते चूक आहे. कामगाराच्या गरजा पोटापुरत्या ठरलेल्या नसतात, त्या इतिहासक्रमात वाढत जातात, हे मार्क्सनेच सांगून ठेविले आहे. तीस वर्षे वाहने घडविणाऱ्या माणसाने कोरड्या अंगाने कामावर जावे, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने न देता हिशेबाने दिले पाहिजे.

एका शब्दाचे दोन अर्थ

त्यांच्या हाती विक्रेत्याचे माहितीपत्रक होते. आराम, इकॉनॉमी आणि रोजची ये-जा, असे तीन गुण त्यात ठळक छापलेले. भाषांतराचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला 'इकॉनॉमी' हा शब्द नेहमी अडवितो. माहितीपत्रकात त्याचा अर्थ काटकसर, आपल्या पानांवर त्याचाच अर्थ अर्थव्यवस्था. विक्रेता पहिला अर्थ सांगतो आणि दुसरा झाकून ठेवतो. आपण दोन्ही पाहू.

प्रथम काटकसर. समजा, पदरची रक्कम भरून पाच लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी काढले. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ८,१७० रुपये पडतो आणि व्याजापोटी एकूण १ लाख ८६ हजार जातात. पाच वर्षांत फेडावयाचे ठरविले तर हप्ता सुमारे १०,५०० रुपये, व्याज १ लाख ३० हजार. विक्रेता सात वर्षांचा आग्रह धरतो, कारण हप्ता लहान दिसतो. परंतु ज्याच्या नोकरीची चारच वर्षे उरली आहेत त्याने शेवटची तीन वर्षे निवृत्तिवेतनातून हप्ते भरावयाचे, हे तो सांगत नाही.

आता रोजचे अंतर जाऊन-येऊन २० किलोमीटर धरा, महिन्याचे कामाचे दिवस २५. एकूण ५०० किलोमीटर झाले. पुण्याच्या 'एआरएआय'च्या चाचणीतील मायलेज गर्दीच्या रस्त्यावर मिळत नाही. लिटरला १६ किलोमीटर धरले तर ३१ लिटर पेट्रोल, म्हणजे तीन हजारांच्या वर खर्च. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांसाठी महिना दीड-दोन हजार बाजूला ठेवावेच लागतात. सात वर्षांच्या हप्त्यासह ही बेरीज तेरा हजारांच्या आसपास जाते. कामावर जाऊन येण्याचा खर्च रोज ५२० रुपये! त्याच अंतराला स्कूटर महिन्याकाठी अकरा-बारा लिटरच पेट्रोल खाते. तेव्हा, एकट्याने कामावर जाण्यासाठी घेतलेली मोटार काटकसरीची असते, हे विधान सरळसरळ खोटे आहे. चार सहकारी मिळून तीच गाडी वापरतील तर मात्र माणशी खर्च १३० रुपयांवर येतो.

घ्यावयाचीच असेल तर

तरीही आईचा दवाखाना आणि पावसाळा हे प्रश्न उरतातच. म्हणून काही व्यवहारी गोष्टी.

जुन्या शहरात राहणाऱ्याने आधी गाडी उभी कोठे करणार ते ठरवावे, मग मॉडेल पाहावे. लहान, थोड्या जागेत वळणारी गाडीच येथे उपयोगाची. बाजारात चार मीटरच्या आतील गाड्यांची रेलचेल आहे, तीही ग्राहकाच्या सोयीपोटी झालेली नाही. २००६ पासून सरकारने करसवलतीसाठी ती मर्यादा घातली आणि कारखानदारांनी त्या मापात गाड्या बसविल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा लहान गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला असून वरचा अधिभारही गेला आहे. ही सवलत किमतीत उतरली आहे की निरुपयोगी जोडसामानाच्या नावाखाली परत वसूल होत आहे, ते बिल हाती घेऊन तपासावे.

आराम पडद्याच्या आकारावर मोजू नये. आईला मागच्या आसनावर बसवून पाहावे. दार पुरेसे उघडते काय, गुडघे टेकतात काय, चढताना-उतरताना आधार लागतो काय, हे पाच मिनिटांत कळते. जबलपूरच्या मे महिन्यात वातानुकूलन ही चैन नव्हे. तेव्हा ते मागच्या आसनापर्यंत पोहोचते काय, हे दुपारच्या उन्हात गाडी चालवून पाहावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून देशात 'भारत एनकॅप' ही सुरक्षा-चाचणी सुरू झाली आहे. तिचे तारे विक्रेत्यास अवश्य विचारावेत. सीएनजी स्वस्त पडते, पण टाकी सामानाची जागा खाते आणि पंप रोजच्या वाटेवर नसेल तर बचत रांगेत संपते. पाच वर्षे वापरलेली सुस्थितीतील गाडी पहिल्या खरेदीस पुष्कळदा उत्तम. मात्र सर्व्हिसिंगची नोंद, विमा आणि आधीच्या कर्जाची परतफेड यांचे कागद पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

माझ्या स्नेह्यांनी अखेर तसेच ठरविले. वापरलेली लहान गाडी, तीन वर्षांचे कर्ज, आणि कारखान्यात जाताना तीन सहकारी सोबत.

झाकून ठेवलेला दुसरा अर्थ

परंतु प्रश्न येथे संपत नाही. या मोटारीची गरज निर्माण कोणी केली?

२००५ साली मध्यप्रदेश सरकारने आपले राज्य परिवहन निगम बंद करण्याचा निर्णय घेतला. तोटा हे कारण देण्यात आले. रस्ता, पोलीस, न्यायालय यांच्याकडून कोणी नफा मागत नाही. बसकडून मात्र मागितला गेला. त्यानंतर गावोगावचा प्रवासी खाजगी बसमालकांच्या हवाली झाला. वीस वर्षांनी, १ एप्रिल २०२५ रोजी, राज्य मंत्रिमंडळाने 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' मंजूर केली, म्हणजे चूक झाल्याची अप्रत्यक्ष कबुलीच दिली. तथापि गाड्या खाजगी मालकांच्याच राहावयाच्या आहेत. शेजारच्या महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली एसटी नाना हालअपेष्टांतून आजही टिकून आहे. १७ मार्च २०२३ पासून तिच्यात स्त्रियांना निम्मे भाडे पडते. सार्वजनिक बस टिकली तरच अशी सवलत देता येते. खाजगी मालकाच्या बसमध्ये ती मागावयाची कोणाकडे?

बस काढून घेतली की कामगार ग्राहक बनतो. जो बसथांब्यावर दहा जणांसह तक्रार करीत असे, तो बँकेच्या टेबलासमोर एकटा बसून सही करतो. सरकारचा खर्च वाचतो, बँकेला व्याज आणि कारखानदाराला नफा मिळतो. 'इकॉनॉमी'चा दुसरा अर्थ तो हा.

गाडी घडविणाऱ्याच्या वाट्याला काय येते तेही पाहा. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा ती कंपनी बहुतांशी सरकारची होती. २००७ पर्यंत सरकारने आपला सारा हिस्सा विकून टाकला. त्याच कंपनीच्या मानेसर कारखान्यात युनियनच्या हक्कावरून दीर्घ झगडा झाला. १८ जुलै २०१२ रोजी तेथे हिंसाचार होऊन एका अधिकाऱ्याचा दुर्दैवी मृत्यू ओढवला. २०१७ साली न्यायालयाने १३ कामगारांना जन्मठेप दिली आणि ११७ जणांना निर्दोष सोडले. त्या निर्दोषांपैकी कित्येकांनी त्यापूर्वी वर्षानुवर्षे तुरुंग भोगला होता.

आणि जबलपूरचा वाहन कारखाना? १९६९ साली उभारलेला हा सार्वजनिक कारखाना १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळाच्या विसर्जनाबरोबर एका नव्या कंपनीकडे गेला. त्या निर्णयाविरुद्ध कामगारांनी संपाची हाक देताच जूनअखेर वटहुकूम काढून संपबंदी लादण्यात आली. ज्या शहराच्या कारखान्यात शक्तिमान ट्रक बनले, त्या शहराला स्वतःच्या कामगारांसाठी पुरेशा बस मिळू नयेत, ही कौशल्याची उणीव खासच नव्हे. २०२५ मध्ये मदनमहाल ते दमोहनाका हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाला. पुलास विरोध नाही. पण मोटारीच्या वाटेसाठी जो पैसा निघतो, तो बसच्या फेऱ्यांसाठी का निघत नाही, हे विचारण्याचा अधिकार मोटार घेतलेल्यासही आहे.

किंबहुना त्यानेच ते अधिक मोठ्याने विचारले पाहिजे. गाडी घेतली म्हणून बसचा प्रश्न आपला राहिला नाही, असे मानणे म्हणजे हप्त्याबरोबर आपला आवाजही गहाण टाकणे होय. कारखान्यांच्या पाळ्यांच्या वेळी सार्वजनिक बस सुटल्या पाहिजेत. राज्य परिवहन निगम सरकारी मालकीच्या गाड्यांसह पुन्हा उभे राहिले पाहिजे. जुन्या शहरातील दाट वस्तीला लहान बसची नियमित फेरी मिळाली पाहिजे. या मागण्या घेऊन युनियन आणि मोहल्ला समित्यांनी एकत्र यावे. माझे स्नेही आपल्या गाडीतून जाताना तीन सहकाऱ्यांना घेऊन जाणार आहेत. त्या चौघांनी रोज अर्धा तास याच विषयावर बोलावे, एवढी विनंती मी त्यांना केली आहे.