खड्ड्याचा फोटो पुरेसा नाही, लॅबचा रिपोर्ट मागा!

सीमाभागात पहिल्याच पावसात रस्ता उखडला की आपण दोन वाक्यं हमखास बोलतो. एक, "मराठी गाव आहे म्हणून असं करतात." दुसरं, "कंत्राटदाराने पैसे खाल्ले." दोन्ही खरी असतीलही. पण पुराव्याशिवाय ती चहाच्या टपरीवरच राहतात. पुरावा असतो, आणि तो लॅबमध्ये असतो.

डांबर आणि खडीचं मिश्रण टिकेल की नाही, हे ठरवायला मार्शल चाचणी आहे. गरम मिश्रण साच्यात भरून दोन्ही बाजूंनी 75-75 ठोके देतात. तयार झालेली वडी 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून यंत्रात दाबतात. दाट मिश्रणाने किमान 9 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 900 किलोंचा भार सोसायला हवा. आतली हवेची पोकळी 3 ते 5 टक्के लागते. पोकळी जास्त झाली तर पाणी आत शिरतं, कमी झाली तर उन्हाळ्यात डांबर वर येतं आणि चाकोऱ्या पडतात. आणखी एक चाचणी डांबर लावलेली खडी पाण्यात ठेवून करतात. डांबर सुटलं, तर खानापूरसारख्या पावसाच्या तालुक्यात तो रस्ता किती टिकणार, सांगायला नको.

हे कागद आपल्याला मिळतात का? मिळतात. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 2(ञ) बघा. त्यात कामाची पाहणी करण्याचा, कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती घेण्याचा, इतकंच नाही तर साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. उत्तराची मुदत 30 दिवस.

इथे भाषेचा प्रश्न येतोच. कलम 6 प्रमाणे हा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा, म्हणजे बेळगावात कन्नडमध्ये. मराठी त्यात नाही. ही अडचण खरी आहे आणि तिच्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण तक्रारीचं निवेदन वेगळं. राज्यघटनेचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाण्याचं निवेदन संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. तेव्हा रिपोर्ट इंग्रजीत मागवा आणि त्याच्या आधारे तक्रार ठणकावून मराठीत द्या.

कुणी म्हणेल, सीमाप्रश्नाशी डांबराचा काय संबंध? सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 चा आहे. निकालाची वाट बघताना आपण याच रस्त्यांवरून कॉलेजला जातोय, आजीला दवाखान्यात नेतोय. आणि समजा रिपोर्ट चांगला निघाला, दोष गटार नसण्याचा ठरला, तर तेही मान्य करायची तयारी ठेवू. खोटा आरोप आपल्या खऱ्या मागणीलाच कमकुवत करतो.

पुढच्या वेळी खड्ड्याच्या फोटोखाली "निषेध" जरूर लिहा. सोबत अर्जाची पोचही जोडा.