जुन्या शर्यती बोटींचा वर्ग कसा ठरवावा?

गणपतीच्या आगेमागे, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर काउझ ते टॉर्की आणि परत काउझ अशी मोटरबोटींची शर्यत होते. येऊन-जाऊन दोनशे सागरी मैलांच्या आसपास अंतर, तेही बंदिस्त तलावात नव्हे, तर खुल्या समुद्रात. आपल्या मंडळाच्या एका सभासदांचे चिरंजीव साउथहॅम्प्टनजवळ बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात काम करतात. गेल्या सुट्टीत ते बेळगावला आले तेव्हा वाचनालयात गप्पा निघाल्या आणि त्यांनी आम्हाला एक प्रश्न घातला. "काका, पन्नास वर्षांची बोट आणि पाच वर्षांची बोट एकाच शर्यतीत उतरवायची असेल तर न्याय कसा करायचा? तुम्ही बँकेत बोटींना कर्जे दिलीत, तुम्हीच सांगा."

प्रश्न वरवर श्रीमंतांच्या छंदाचा वाटतो. आम्हालाही तसाच वाटला होता. पण थोडे खोलात गेल्यावर दिसले की आज या खेळापुढची खरी अडचण हीच आहे. नवीन बोट बांधणे अफाट खर्चाचे झाले आहे, त्यामुळे नवे मालक थोडे. जुन्या बोटी यार्डांमध्ये ताडपत्रीखाली पडून आहेत आणि त्यांचे मालक पैसे व वेळ घालायला तयार आहेत, पण हरण्यासाठीच कोणी समुद्रात उतरत नाही. त्यांना योग्य वर्ग मिळाला तर शर्यतीला बोटी मिळतील. नाही मिळाला तर त्या बोटी भंगारात जातील आणि सुरुवातीच्या रेषेवर पाच-सहाच उरतील.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. काउझ-टॉर्की शर्यत १९६१ मध्ये सर मॅक्स एटकेन यांनी सुरू केली. ते वृत्तपत्रसम्राट लॉर्ड बीव्हरब्रुक यांचे पुत्र, आणि त्यांच्या डेली एक्स्प्रेसने ही शर्यत पुरस्कृत केली. अमेरिकेतील मायामी-नासाऊ शर्यतीवरून त्यांना ही कल्पना सुचली. पहिल्या वर्षी टॉमी सॉपविथ यांची 'थंडरबोल्ट' जिंकली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६० मध्ये, मायामी-नासाऊला खवळलेल्या समुद्रात 'मॉपी' नावाच्या तीस फुटी लाकडी बोटीने बाकीच्यांना खूप मागे टाकले होते. रे हंट यांनी तिचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल आणला होता, मागच्या टोकापर्यंत सुमारे २४ अंशांचा. सपाट तळाची बोट लाटेवर आपटते, खोल व्ही तळाची लाट कापत जाते. मॉपीवरूनच पुढे फायबरग्लासची बर्ट्रम ३१ तयार झाली आणि जगभर विकली गेली. ऐंशीच्या दशकापर्यंत दुहेरी तळाच्या कॅटामरान बोटींनी मैदान मारले. दोन तळांच्या मधून जाणारी हवा त्यांना उचलून धरते, त्यामुळे सपाट पाण्यावर खोल व्ही बोट त्यांच्या जवळपासही पोहोचत नाही. लाकूड जाऊन ॲल्युमिनियम, केव्हलार आणि कार्बन आले. अर्धवट पाण्याबाहेर फिरणारे पंखे आले. आजच्या आघाडीच्या बोटी या मार्गावर ताशी ऐंशी-नव्वद मैलांची सरासरी राखतात.

म्हणजे साठ वर्षांत एका खेळाचे तीन-चार खेळ झाले. त्यांना एका रांगेत उभे करून "पहिला येईल तो जिंकला" म्हणणे म्हणजे आनंदवाडीच्या आखाड्यात पन्नास किलोच्या पोरासमोर शंभर किलोचा पैलवान सोडण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या वाचकांना याचे उत्तर सोपे वाटेल. बैलगाडा शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे गट असतात. बैलाचे तोंड उघडून दात मोजले की वय कळते, वाद संपतो. (वाद अगदीच संपतो असे नाही, पण दातांवर कोणी फार खोटे बोलू शकत नाही.) बोटीला मात्र दात नसतात. १९६८ मध्ये बांधलेल्या तळावर नंतर नवीन डिझेल इंजिन बसवले, सुकाणूची यंत्रणा बदलली, पंखे आजचे लावले, तर ती बोट १९६८ ची म्हणायची की आजची?

इथे आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. नोकरीतली चार वर्षे आम्ही गोव्याच्या किनाऱ्यावरील एका शाखेत होतो. ट्रॉलर आणि छोट्या यांत्रिक होड्यांची कर्जे आमच्या टेबलावर येत. मूल्यांकन करणारा नेहमी दोन आकडे वेगळे देई, सांगाड्याचा आणि इंजिनाचा. नवखे असताना आम्ही दोन्हींची बेरीज करून मार्जिन काढत असू. मग एका पावसाळ्यानंतरच्या इन्स्पेक्शनमध्ये एका जुन्या लाकडी होडीत जास्त अश्वशक्तीचे नवे इंजिन बसवलेले पाहिले. कागदावर होडीची किंमत वाढली होती. प्रत्यक्षात इंजिनाच्या हादऱ्यांनी फळ्यांचे सांधे सुटू लागले होते आणि तांडेल दर फेरीला पाणी उपसत होता. दोष आमच्या शाखेचा आणि आमचा, त्याचा नव्हे. कारण नवे इंजिन घ्यायला पैसे आम्ही दिले, सांगाड्याकडे पाहिले नाही. तेव्हापासून आम्ही मानतो की बोटीचे वय एका तारखेत मावत नाही. सांगाड्याचे एक वय असते, इंजिनाचे दुसरे, आणि दोन्हींचा मेळ बसतो की नाही हा तिसराच प्रश्न.

शर्यतींच्या जगात यावर आजवर जे उपाय झाले त्यांपैकी तीन विचारात घेण्यासारखे आहेत.

सर्वांत स्वच्छ उपाय आपण भारतातही पाहिला आहे. मार्च २०१७ मध्ये मुंबईला मरिन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोट शर्यती झाल्या. सगळ्या बोटी एकाच साच्यातल्या, २८ फुटी पँथर, प्रत्येकीला २५० अश्वशक्तीचे इंजिन. फरक फक्त चालवणाऱ्यात. बघणाऱ्याला समजते, मालकाला खर्च आधी कळतो. पण जुन्या बोटीला इथे दारच बंद आहे, म्हणून आपल्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे.

दुसरा उपाय सवलतीचा, म्हणजे हँडिकॅपचा. शिडाच्या होड्यांत तो रुळलेला आहे. प्रत्येक बोटीला एक गुणांक द्यायचा आणि लागलेल्या वेळेला त्याने गुणायचे. गणित म्हणून आम्हाला हे आवडते. पण मोटरबोटींच्या शर्यतीत धक्क्यावर उभ्या माणसाला कोण जिंकले हे संध्याकाळी कळणार असेल तर तो थांबणार नाही. त्याऐवजी मंद बोटी आधी सोडायच्या आणि वेगवान मागून, असे केले तर शेवट चुरशीचा होतो, पण ताशी नव्वद मैलांच्या बोटीने ताशी चाळीस मैलांच्या बोटीला तिच्या मागच्या लाटांच्या फराट्यातून ओलांडायचे, हे खुल्या समुद्रात आम्हाला धोक्याचे वाटते.

तिसरा उपाय अमेरिकेत चालतो, वेगाच्या कप्प्यांचा. प्रत्येक वर्गाला एक कमाल वेग ठरवून दिलेला असतो, बोटीवर जीपीएस असते, मर्यादा ओलांडली की दंड. समजा वर्गाची मर्यादा ताशी ७५ मैल. मग बोट १९७५ ची आहे की २०१५ ची, एकेरी तळाची की दुहेरी, याने फारसा फरक पडत नाही. हा उपाय स्वस्त आहे, तपासायला सोपा आहे, आणि अनेक जुन्या बोटी त्यामुळे पाण्यात राहिल्या आहेत. आम्हाला तो पहिल्या ऐकण्यात इतका पटला की आम्ही त्या चिरंजीवांना म्हणालो, संपला तुमचा प्रश्न.

तो हसला. म्हणाला, "काका, ज्याची बोट शंभरने जाऊ शकते तो पंचाहत्तरच्या वर्गात निवांत जातो. ज्याची बोट कशीबशी शहात्तरने जाते त्याचे इंजिन दोन तास फुल थ्रॉटलवर असते. कोणाचे आधी फुटेल?"

हे आमच्या लक्षात आले नव्हते. कमाल वेग समान केला म्हणजे ताण समान होत नाही. वळणानंतर पुन्हा वेग घ्यायला ज्याच्याकडे शिल्लक ताकद आहे तो प्रत्येक वळणाला थोडा पुढे जातो. म्हणजे पैसा कमाल वेगावर खर्च व्हायचा तो आता राखीव ताकदीवर होतो. वेगाच्या मर्यादेला शक्ती आणि वजनाच्या गुणोत्तराची जोड दिल्याशिवाय जुन्या बोटीला न्याय मिळणार नाही, असे आमचे मत झाले आहे.

मग करावे काय? मोटारींच्या जगात याचा चांगला नमुना आहे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ ऐतिहासिक गाड्यांना बांधणीच्या काळानुसार गटांत विभागतो आणि प्रत्येक गाडीला एक तांत्रिक पासपोर्ट देतो. त्यात मूळ रूप काय होते आणि काय बदलले आहे याची नोंद असते. आम्हाला हे आमच्या कर्जाच्या फाइलसारखेच वाटते. बोटींसाठीही असाच कागद हवा. बोटींची आंतरराष्ट्रीय संस्था यू.आय.एम. १९२२ पासून काम करते आहे, नियम लिहिण्याचा अनुभव तिच्याकडे भरपूर आहे. त्या कागदावर सांगाड्याची तारीख ही न बदलणारी नोंद असावी आणि काळाचा गट तिच्यावरून ठरावा. एकेरी तळ आणि दुहेरी तळ कधीही एका वर्गात नसावेत. बोटीची लांबीही पाहावी, कारण लांब बोट दोन लाटांवर टेकते आणि छोटी त्यांच्या मधल्या खळग्यात पडते. वेग सारखा असला तरी माणसांची हाडे सारखी दुखत नाहीत.

इंजिनाबाबत मात्र आम्ही कडक नाही. साठच्या दशकातल्या इंजिनांचे सुटे भाग आता मिळवणे म्हणजे तपश्चर्या. मूळ इंजिनाचा हट्ट धरला तर फक्त दोन-चार धनवान उरतील. बदलायला परवानगी द्यावी, पण मूळ इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त नाही, आणि बोटीचे वजन शर्यतीच्या दिवशी काट्यावर मोजून. नवे डिझेल हलके असेल तर फरकाइतके वजन वर चढवावे. मूळ इंजिन राखणाऱ्याला त्याच वर्गात वेगळी ढाल द्यावी, म्हणजे तोही नाराज होणार नाही.

वेगाची मर्यादा आम्ही ठेवू, पण समानतेसाठी नव्हे, जिवासाठी. ३ ऑक्टोबर १९९० रोजी मोनाकोला स्तेफानो कासिरागी हे त्या वेळचे जगज्जेते बोट उलटून गेले. कॉकपिट उघडे होते. त्यानंतर सर्वोच्च वर्गात बंद कॉकपिट आणि पट्टे आले. जुन्या बोटींवर तसे छत बसवले तर त्या जुन्या राहत नाहीत, आणि नाही बसवले तर त्यांना आजच्या वेगाने जाऊ देणे चुकीचे आहे. उघडे कॉकपिट आणि कमाल वेग या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्याच पाहिजेत. इथे सवलतीला जागा नाही. आणि छत असूनही समुद्र कोणाला सोडत नाही, हे सप्टेंबर २०१९ मध्ये दिसले. अनेक वेळा जगज्जेते झालेले आणि बोटी बांधणारे फाबिओ बुझ्झी वयाच्या शहात्तराव्या वर्षी व्हेनिसजवळ विक्रमाच्या प्रयत्नात गेले.

एका गोष्टीची भीती आम्हाला वाटते. न्याय करता करता वर्ग इतके वाढतात की प्रत्येकात एकच बोट उरते. आपल्या मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत एके वर्षी वयोगट इतके पाडले होते की एका गटात एकच मुलगी होती, तिला पहिला क्रमांक दिला आणि ती घरी जाऊन रडली. निदान तीन बोटी नसतील तर तो वर्ग शेजारच्या वर्गात मिळवावा आणि तसे महिनाभर आधी कळवावे. नाही तर मालक पुढच्या वर्षी येत नाही.

समुद्रावर सांगाडा आणि इंजिन पाहून हद्दी आखणे आपल्याला नवे नाही. गोव्यात रापणकार आणि ट्रॉलर यांच्यातला झगडा मिटवण्यासाठी १९८० च्या कायद्याखाली किनाऱ्यापासूनची पट्टी लहान होड्यांसाठी राखली गेली. तिथे प्रश्न पोटाचा आहे, इथे छंदाचा, त्यामुळे तुलना फार ताणू नये. पण नियम लिहून पुरत नाही, तो मोजणारा माणूस पाण्यावर लागतो, हे दोन्हीकडे सारखेच.

त्या चिरंजीवांच्या कारखान्यात सध्या सत्तरच्या दशकातली एक खोल व्ही बोट उभी आहे. मालकांचे वय आमच्याहून जास्त. मूळ पेट्रोल इंजिन पुन्हा बांधायचे की डिझेल बसवायचे, हे त्यांना हिवाळ्याच्या आत ठरवायचे आहे. दोन्हींचे कोटेशन तयार आहे. डिझेल बसवले तर बोट कोणत्या वर्गात धरली जाईल हे त्यांनी आयोजकांना पत्राने विचारले आहे, आणि उत्तर येईपर्यंत इंजिनाचे बोल्ट सोडू नका असे कारखान्याला बजावले आहे.