अळी कात टाकते तेव्हा



अर्धापूरच्या बैठकीत विषय भावाचा होता, पण बोलणे घसरले ते औषधावर. एका भावाने सोयाबीनवर फवारलेल्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्याच पिशवीतून आणल्या होत्या. पहिले औषध फवारून दोन दिवस झाले, अळ्या जिवंत. दुकानदार म्हणाला, ते हलके होते, हे कडक घ्या. कडक औषध उधारीवर आणले, पुन्हा पंप, पुन्हा मजुरी. चौथ्या दिवशी अळ्या गळून पडल्या. त्या कोणत्या औषधाने मेल्या?

आम्ही पहिली बाटली वाचली. नोव्हॅल्युरॉन. हे औषध त्याच संध्याकाळी मारतच नाही. अळी कात टाकायला जाते तेव्हा हे औषध तिला मारते. म्हणजे पहिल्याच पैशात काम होत होते. दुसरा खर्च वाया गेला, आणि मित्रकिडी मेल्या त्या वेगळ्याच.

हे नीट समजायचे तर अळी वाढते कशी ते पाहिले पाहिजे. अळीचे कातडे तिच्याबरोबर वाढत नाही. ते तंग झाले की टाकावे लागते. आपल्याकडे ज्या मायबहिणी रेशीम सांभाळतात त्यांना हे शिकवायला नको. अळी मान वर करून निपचित बसली की त्या तुतीचा पाला थांबवतात. कोषावर जाईपर्यंत रेशीम अळी असे चार वेळा करते.

पण आता कात टाक, हे अळीला सांगतो कोण? पोलंडच्या स्टेफान कोपेच यांनी शंभर वर्षांपूर्वी साधा प्रयोग केला. अळीच्या मध्यावर दोरा आवळून बांधला. वेळेआधी बांधला तर पुढचा अर्धा भाग कोषात गेला, मागचा अळीच राहिला. उशिरा बांधला तर दोन्ही भाग कोषात गेले. म्हणजे हुकूम डोक्याकडून निघतो आणि रक्तातून मागे जातो. तो हुकूम म्हणजे एक संप्रेरक, ज्याला हार्मोन म्हणतात. 1954 साली जर्मनीत बुटेनान्ट आणि कार्लसन यांनी ते वेगळे काढले. त्यासाठी रेशमाचे 500 किलो कोषातले किडे लागले, आणि हाती आले 25 मिलिग्रॅम! त्याचे नाव एकडायसोन. पुढे कळले की ते स्टेरॉइड जातीचे आहे, माणसाच्या शरीरातल्या काही संप्रेरकांच्याच घराण्यातले. गंमत अशी की त्यासाठी लागणारा कच्चा माल अळीला स्वतः बनवता येत नाही, तो ती आपल्याच पिकाच्या पानातून घेते.

हे संप्रेरक रक्तात चढले की अळी खाणे सोडते, जुने कातडे सुटते, खाली नवे तयार होते. मग संप्रेरक उतरावे लागते. उतरले तरच जुनी कात फेकता येते. चढ आणि उतार, दोन्ही वेळेवर हवेत. इथेच तिला पकडता येते. टेब्युफेनोझाइड, मेथॉक्सीफेनोझाइड ही औषधे या संप्रेरकाची नक्कल करतात आणि उतरतच नाहीत. अळी काही तासांत खाणे थांबवते, अवेळी कात टाकू पाहते आणि जुन्या कातीत अडकून मरते. नोव्हॅल्युरॉन, ल्युफेन्युरॉन नवे कातडेच धड होऊ देत नाहीत. आणि निंबोळीतले अझाडिरॅक्टिन खाणे तर कमी करतेच, शिवाय मेंदूकडून ग्रंथीला जाणारा निरोप बिघडवते. झाडांनाही ही विद्या जुनीच ठाऊक आहे. आपण खुरपून फेकतो त्या बांधावरच्या आघाड्यात हेच संप्रेरक सापडते, पालकातही सापडते.

मग हिशेब काय? अशा औषधाची परीक्षा मेलेल्या अळ्या मोजून दुसऱ्या दिवशी करू नये. पान नव्याने कुरतडले जाते का, ते पाहावे. दुसरे, अळी लहान असतानाच फवारावे. तंबाखूवरची पाने खाणारी अळी बोटाएवढी झाल्यावर तिला कात टाकायची फारशी राहिलेली नसते, आणि पीक तर तिने आधीच खाल्लेले असते. अंडीपुंज आणि जाळीदार पाने दिसली की तीच वेळ. निंबोळी अर्क घरचा करायचा तर 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवावी, सकाळी गाळून 200 ग्रॅम साबण घालावा आणि 100 लिटर पाणी करावे. फवारणी संध्याकाळी, कारण उन्हाने अर्क लवकर निकामी होतो.

माणसाच्या शरीरात कात टाकण्याचे हे संप्रेरक काम करत नाही, म्हणून ही औषधे मज्जातंतूंवर हल्ला करणाऱ्या विषांपेक्षा आपल्याला कमी घातक. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते विसरून चालणार नाही. पण कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे. तोंडाला फडके आणि हातमोजे हवेतच. पंप ओढ्यात धुऊ नये. खेकडा आणि झिंगाही कात टाकणारेच जीव आहेत.

आणि एक शेजारधर्म. रेशीम अळीही अळीच. कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसाठी पायरीप्रॉक्सिफेन फवारले आणि वारा तुतीकडे असला, तर तो पाला खाल्लेली रेशीम अळी मोठी होत राहते, पण कोष बांधत नाही. महिन्याची मेहनत पाण्यात. शेजारी तुती असेल तर फवारण्याआधी त्याला सांगा, वारा पाहा.

आमचे मागणे दुकानदारांकडे आणि कृषी खात्याकडे आहे. बाटलीबरोबरच्या माहितीपत्रकात मुंगीच्या अक्षरात काय लिहिले आहे ते विक्रीच्या वेळी तोंडी सांगा. औषध किती दिवसांत परिणाम दाखवते, अळीच्या कोणत्या वयात चालते, रेशमाला चालते का? पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने या हंगामात घेतलेल्या औषधांची पावती आणि माहितीपत्रक आणावे. रिकामी बाटली आणू नये, वास फार येतो.