रक्तातल्या खुणा आणि बंद पडलेली गोळी

तालुक्याच्या गावीही आता ‘हार्ट पॅकेज’ मिळू लागले आहे. सकाळी रक्त द्यायचे आणि संध्याकाळपर्यंत मोबाईलवर होमोसिस्टीन, सीआरपी, लायपोप्रोटीन-ए अशा जिभेवर न बसणाऱ्या नावांचा अहवाल यायचा. एखादा आकडा तांबड्या अक्षरात दिसला की घरभर धास्ती. अनेकदा त्याच घरात रक्तदाबाची गोळी मात्र ‘आता बरं वाटतं’ म्हणून महिनोन् महिने बंद असते. या विसंगतीवर बोलायला हवे.

भीती निराधार नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३व्या वर्षाच्या आसपास आला. इतर देशांत तो सुमारे ५९व्या वर्षी आला. म्हणजे घर चालवणारा माणूस पाच-सहा वर्षे आधी आजारी पडतो. पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. झटक्याच्या धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका नऊ घटकांनी समजावता येतो. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबीचा बिघाड, पोटाचा घेर, मानसिक ताण आणि बैठे जीवन हे त्यांतले प्रमुख. यातले बहुतेक मोजायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

मग नव्या रेण्वीय खुणांचा उपयोग काय? त्यासाठी होमोसिस्टीनची गोष्ट समजून घ्यावी. रक्तात हे द्रव्य वाढलेल्यांना हृदयविकार जास्त होतो असे दिसले आणि जगभर आशा पल्लवित झाल्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांची तपासणी केली. त्यांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले होते. जीवनसत्त्वे देऊन ते उतरवले तर झटके टळतील का, हे पाहण्यासाठी परदेशात ‘होप-२’ ही चाचणी झाली. साडेपाच हजारांवर रुग्णांना पाच वर्षे गोळ्या दिल्या. आकडा उतरला, पण हृदयविकाराचे झटके आणि त्याने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. बी-१२ची कमतरता भरून काढलीच पाहिजे. रक्तक्षय आणि नसांच्या विकारासाठी ते आवश्यक आहे. मात्र होमोसिस्टीन उतरले म्हणजे हृदय सुरक्षित झाले, असे नव्हे. धूर दिसला म्हणून धूर पुसून आग विझत नाही.

सीआरपीचेही तसेच. हा दाह दाखवणारा घटक आहे. दात किडला, ताप येऊन गेला, जखम चिघळली तरी तो वाढतो. त्यामुळे एका आकड्यावरून हृदयाचे भविष्य वाचू नये.

लायपोप्रोटीन-एची गोष्ट मात्र वेगळी. नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा चरबीचा कण मुख्यतः आनुवंशिकतेने ठरतो. पथ्य-व्यायामाने तो फारसा बदलत नाही, म्हणून ही तपासणी बहुधा आयुष्यात एकदा पुरते आणि उपाशीपोटी राहण्याचीही गरज नसते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये रक्तातील चरबीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही ती एकदा करावी असे सुचवले आहे. सगळ्यांना जमत नसेल, तर ज्यांच्या वडिलांना वा भावाला ५५च्या आत, किंवा आई-बहिणीला ६५च्या आत झटका आला, त्यांना आधी प्राधान्य द्यावे. आकडा जास्त निघाला तर घाबरायचे नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांवर इतरांपेक्षा कडक लक्ष ठेवायचे आणि भावंडांची, मुलांची तपासणी करायची. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या मधुमेही रुग्णांत अपोलायपोप्रोटीन-बी ही तपासणीही घातक कणांचा नेमका अंदाज देते.

म्हणजे कसोटी एकच: आकडा वाढलेला निघाला तर उपचारात काय बदलणार? याचे उत्तर नसेल तर ती तपासणी नको. हा प्रश्न रुग्णाने विचारावा आणि तपासणी लिहून देणाऱ्यानेही स्वतःला विचारावा.

वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. जिल्ह्याची हृदयविकाराशी लढाई तेथील यंत्रांच्या किमतीवर जोखू नये. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासली जाते का, गोळ्या उपकेंद्रापर्यंत खंड न पडता पोचतात का, खर्रा सोडवायला कोणी मदत करते का, हे पाहावे. त्याच्या जोडीला, घराण्यात कमी वयात झटका आलेल्यांसाठी लायपोप्रोटीन-एची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत मिळावी. ज्याला तिची खरी गरज आहे, त्याच्याकडे पॅकेजचे पैसे असतीलच असे नाही.

आणि छातीत दाबल्यासारखे दुखू लागले, घाम फुटला, तर कोणत्याही पॅकेजची वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयात जाऊन आधी ईसीजी काढावा. तिथे मिनिटे मोलाची असतात.