अरुंद क्यूआरएसवर थांबू नका

डाव्या बंडलचे पेसिंग आपल्याकडे झपाट्याने रुळते आहे. २००० साली प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियात कायमस्वरूपी हिस पेसिंग करून दाखवले. पण थ्रेशोल्ड पुढे चढायचा, सेन्सिंग कमी पडायचे. २०१७ मध्ये वेन्झोऊच्या वेइजियान हुआंग यांनी लीड सेप्टममधून डाव्या बंडलपर्यंत नेली आणि या दोन्ही तक्रारी बऱ्याच अंशी मिटल्या. प्रोग्रामरवर बसलेला कंपनीचा माणूस आकडे वाचून ‘झकास, सर’ म्हणतो, इसीजी देखणा दिसतो आणि केस संपते.

अशा वेळी डेव्हिड चाचणी आठवावी. २००२ मध्ये, एजेक्शन फ्रॅक्शन ४० टक्के किंवा कमी असलेल्या आणि पेसिंगची गरज नसलेल्या ५०६ आयसीडी रुग्णांत दोन पद्धतींची तुलना झाली: ७० च्या गतीचे ड्युअल चेंबर पेसिंग आणि ४० वर ठेवलेले केवळ राखीव पेसिंग. एव्ही समन्वय राखणारी पहिली पद्धत सरस ठरेल, असा कयास होता. वर्षभरात मृत्यू आणि हार्ट फेल्युअरची भरती या दोन्हींपासून बचावलेले रुग्ण राखीव गटात ८३.९ टक्के निघाले, ड्युअल चेंबरमध्ये ७३.३. उजव्या वेंट्रिकलच्या नाहक पेसिंगने त्या समन्वयाचा फायदा खाऊन टाकला, असाच या निकालाचा अर्थ लावला जातो.

नव्या पद्धतीच्या बाजूचा बराचसा पुरावा आज निरीक्षणांचा आहे. एलबीबीपी-रिसिंक ही २०२२ ची रँडमाइज्ड चाचणी जमेची खरी, पण रुग्ण ४०, आणि निकष एजेक्शन फ्रॅक्शनचा. युरोपातल्या मेलोस नोंदींत २५३३ रुग्ण होते. तिथे पाचातल्या एकाहून थोड्या अधिक लीडांनी डावे बंडल पकडलेच नव्हते, नुसता सेप्टम पेस होत होता. ३.७ टक्क्यांत लीड डाव्या वेंट्रिकलमध्ये शिरली. अमेरिका-कॅनडात दोन हजारांवर रुग्णांची ‘लेफ्ट व्हर्सेस लेफ्ट’ चाचणी बायव्हेंट्रिक्युलर पेसिंगशी तुलना करण्यासाठी हाती घेतली गेली, ती यासाठीच. मृत्यू आणि भरती मोजल्याशिवाय हा वाद मिटायचा नाही.

तोवर आउटपुट हळूहळू उतरवत क्यूआरएसचा आकार बदलतो का, ते प्रत्येक केसमध्ये पाहा. व्ही६ मधला आर-वेव्हच्या शिखरापर्यंतचा वेळ मोजा, आणि बंडल पकडले की फक्त सेप्टम, हे ऑपरेशन नोटमध्ये स्पष्ट लिहा.